सावळे चेहरे, पुसलेल्या बोली: ओळख आणि शहर दाखवणाऱ्या स्वतंत्र सिनेमाचं तंत्र

लालबाग_परळ

अमेरिकेतले वर्णभेदावरचे स्वतंत्र सिनेमे आणि आपल्याकडचे जातीवरचे, शहरावरचे सिनेमे यांची चर्चा इथे अधूनमधून निघते आणि दर वेळी आशयाशी येऊन थांबते. हा दुवा आपल्याला ओढूनताणून जोडावा लागत नाही. ओकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्या नावाशी नातं सांगतच.

पण माणूस पडद्यावर हरवतो तो दर वेळी पटकथेत हरवत नाही. सावळा चेहरा काळाठिक्कर पडतो कारण एक्स्पोजर मागच्या भिंतीवर लावलेलं असतं. मालवणी बाई डबिंगमध्ये पुणेकर होते. ‘आडनाव काय?’ या प्रश्नाची धार सबटायटलमध्ये बोथट होते. हेतू चांगला असूनही हे घडतं, म्हणून या धाग्यावर फक्त कामाचं बोलू या: प्रकाश, आवाज, भाषा, परवानग्या, गाण्यांचे हक्क, दाखवणं. आकडे द्या, कुठे बिघडतं ते सांगा.

छायाप्रकाश

प्रकाशाचं मी घेतो. कोडॅकच्या लॅबमध्ये रंग जुळवायला शर्ली कार्ड असायचं. त्यावर कितीतरी वर्षं गोऱ्याच बाईचा फोटो होता. तिची त्वचा बरोबर आली की प्रिंट बरोबर. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेलं कार्ड यायला नव्वदचं दशक उजाडलं. आता लॅब गेली, कार्ड गेलं, पण ‘चेहरा ७०वर ठेवा’ ही शिकवण यूट्यूबवर जशीच्या तशी आहे.

वेव्हफॉर्म (चित्राची उजळता ० ते १०० आकड्यांत दाखवणारा आलेख) रेक. ७०९ मध्ये, म्हणजे नेहमीच्या टीव्ही-मॉनिटरच्या रंगमानकात, पाहत असाल तर १८ टक्के ग्रे कार्ड साधारण ४० ते ४५वर बसतं. गोरा चेहरा ६० ते ७०, गव्हाळ ५०च्या आसपास, सावळा ४० ते ५०, आणि अगदी गडद त्वचा ३० ते ४०. हे उजेडाकडच्या गालाचे आकडे आहेत, सावलीतल्या नव्हेत. गडद चेहरा ओढून ६५वर नेला की तो राखाडी, पिठूळ दिसतो आणि मागची खिडकी जळून जाते. उलट लॉगमध्ये (नंतर रंग सुधारायला वाव ठेवणाऱ्या फिक्या प्रोफाइलमध्ये) शूट करताना तोच चेहरा २०वर सोडला तर ग्रेडमध्ये, म्हणजे शूटनंतरच्या रंगदुरुस्तीत, वर उचलताना गालावर नॉइजची वाळू दिसते. सोनीच्या एस-लॉग ३ मध्ये ग्रे कार्ड ४१वर असतं. गडद चेहऱ्याच्या सीनला सगळं एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) जास्त उघडून नंतर खाली आणणं सुरक्षित. फक्त खिडकी आणि ट्यूबलाइट क्लिप होत नाहीत ना, म्हणजे तपशील जाऊन नुसत्या पांढऱ्या पडत नाहीत ना, ते बघून.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे समोरून वॅट वाढवणं. गडद त्वचा बराचसा प्रकाश शोषते, आणि चेहऱ्याचा आकार दाखवते तो चकाकीतून. चकाकी म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब. दिवा लहान आणि उघडा असेल तर कपाळावर पांढरा ठिपका येतो. तोच दिवा ४ बाय ४ फुटांच्या थर्माकोलवर मारून परत आणला तर गालाच्या हाडावर सलग उजळ पट्टा येतो. चाळीतल्या १० बाय १२च्या खोलीत २०० वॅटचा एक एलईडी, एक थर्माकोल आणि पुढे पांढऱ्या कापडाचा स्किमर एवढं पुरतं. स्किमर चेहऱ्यापासून ३ ते ४ फूट, आणि कॅमेऱ्याच्या रेषेपासून ६० ते ९० अंशांवर, म्हणजे जवळजवळ बाजूला.

एकाच फ्रेममध्ये गोरा आणि सावळा माणूस असतील तर एकाच दिव्यात दोघांना बसवू नका. गोऱ्याच्या बाजूचा प्रकाश जाळीने अर्धा ते एक स्टॉप कापा, सावळ्याच्या बाजूला थर्माकोल आणखी फूटभर पुढे घ्या. लाइटदादांना आधीच सांगून ठेवलं तर पाच मिनिटांचं काम. न सांगता टेक सुरू केला की एकाचा चेहरा बळी जातो, आणि कोणाचा जातो हे सांगायला नको.

चाळीतल्या पिस्ता किंवा आकाशी ऑइल पेंटच्या भिंती हा वेगळा त्रास. भिंतीवरून उडालेला हिरवा त्वचेच्या सावलीत बसतो आणि माणूस आजारी दिसतो. सावलीच्या बाजूला, फ्रेमबाहेर, काळं कापड टांगा. भिंत स्वतः गालापेक्षा अर्धा ते एक स्टॉप वर किंवा खाली हवी. दोन्ही सारखे झाले की चेहरा भिंतीत विरघळतो.

सांजवेळ

वरच्याला जोडून मेकअपचं. पावडरचा थर देऊ नका. ‘मूनलाइट’ (२०१६) चे छायाचित्रकार जेम्स लॅक्स्टन आणि दिग्दर्शक बॅरी जेंकिन्स यांनी मायामीतल्या चेहऱ्यांवरची तेलकट, घामेजलेली चमक मुद्दाम ठेवली. पावडर लावली की चकाकी मरते आणि छायाप्रकाश म्हणतात तो गालावरचा पट्टाच नाहीसा होतो. मुंबईत घाम फुकट मिळतो. टिशूने फक्त नाकाचा शेंडा आणि वरचा ओठ टिपायचा. वातानुकूलित जागेत मॉइश्चरायझरचे दोन-तीन थेंब. आणि दोन शेड उजळ फाउंडेशन लावायची खोड मोडा. मान, कान आणि हात वेगळ्या माणसाचे दिसतात, आणि त्या पात्राला सावळं असल्याबद्दल आपणच दुरुस्त करतोय असं होतं.

त्याच सिनेमाच्या तीन भागांना ग्रेडमध्ये तीन फिल्म स्टॉकचा बाज दिला आहे: पहिल्याला फुजी, दुसऱ्याला आग्फा, तिसऱ्याला कोडॅक. मुलगा, किशोर, पुरुष. वय बदलताना त्वचेवरचा रंगही बदलतो. ग्रेड ही शेवटची रंगरंगोटी नसते, हे शिकायला याहून चांगलं उदाहरण नाही.

विक्रोळी_स्लो

फोनवर शूट करणाऱ्यांनी काय करायचं? वेव्हफॉर्म नाही, आणि भाड्याने मॉनिटर घ्यायला पैसे नाहीत.

छायाप्रकाश

@विक्रोळी_स्लो, मॅन्युअल कंट्रोल आणि झेब्रा (ठरवलेल्या उजळतेच्या भागावर पट्टे दाखवणारी सोय) असलेलं कुठलंही कॅमेरा अ‍ॅप घ्या. झेब्रा ७०वर ठेवा आणि गडद चेहऱ्यावर तो अजिबात उमटणार नाही इतकं एक्स्पोजर ठेवा. गोऱ्या चेहऱ्यावर कपाळावर जेमतेम. मग एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस तिन्ही लॉक. ऑटोवर सोडलं तर दारात कोणी पांढरा शर्ट घालून उभा राहिला की चेहरा लगेच काळवंडतो.

शटर: आपली वीज ५० हर्ट्झची. २४ फ्रेमला शटरचा कोन १८० अंश म्हणजे १/४८ सेकंद, आणि ट्यूबलाइटखाली पट्टे सरकतात. १७२.८ अंश, म्हणजे १/५० ठेवा. स्वस्त एलईडी पट्ट्या आणि दुकानांच्या पाट्या तरीही लुकलुकतात, त्यामुळे जागा बघायला जाल तेव्हाच दहा सेकंदांची चाचणी घ्या.

शॉन बेकर यांचा ‘टॅन्जरीन’ (२०१५) आयफोन ५एसवर झाला हे सगळे सांगतात. त्यांनी लेन्सवर अ‍ॅनामॉर्फिक अडॅप्टर (चित्र रुंद करणारी जोड-लेन्स) लावला होता आणि आवाज फोनवर नाही तर व्यावसायिक साधनांवर घेतला होता, हे कमी लोक सांगतात. पैसे थोडे असतील तर ते आवाजावर घाला.

बूमदांडी

छायाप्रकाशने माझं वाक्य घेतलं. आवाजाकडे वळू या, कारण बोली तिथेच जगते किंवा मरते.

बूम ओठांपासून दीड ते दोन फुटांवर. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो, पण बाहेरची रिक्षा तेवढीच राहते. ३२-बिट फ्लोट रेकॉर्डरमुळे (यात खूप मोठा आवाजही सामावतो) आवाज फाटत नाही, पण रिक्षा काही जात नाही. ती जाते हा गैरसमज फार पसरलाय. पंखा बंद, फ्रिज बंद (गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे जाताना तो परत चालू करायची आठवण राहते), ट्यूबलाइटच्या जुन्या चोकची १०० हर्ट्झची गुणगुण असेल तर ट्यूब काढून एलईडी लावा. दाराच्या फटीत आणि भिंतीवर गोधड्या. त्या साउंड ब्लँकेटइतक्याच चालतात आणि दर घरात मिळतात.

पावसाळ्यात पत्र्याच्या घरात संवाद घ्यायचे असतील तर पत्र्यावर ओलं गोणपाट दुहेरी पसरून दोरीने बांधा, थेंबाचा टणत्कार जातो. धो-धो पाऊस मात्र गोणपाटाने अडत नाही, तेव्हा थांबायचं.

लेपल माईक साडीत लावताना: सुती ब्लाउजच्या गळ्याच्या काठाला, पदराच्या खाली, केबलचा एक छोटा फास करून टेपने. सिंथेटिक पदर असेल तर घासतोच. मंगळसूत्राचे मणी माईकवर आपटतात, त्याला मागून स्किन टेपचा एक तुकडा. हे सगळं बाईच्या हाताने व्हावं, म्हणजे साउंड टीममध्ये एक बाई हवीच.

लोकलमधले संवाद हा सगळ्यांत अवघड भाग. बहुतेक जण म्हणतात ‘डबिंगमध्ये बघू’. तीन आठवड्यांनी काचेच्या खोलीत हेडफोन लावून उभा राहिलेला नट प्रमाण मराठीकडे सरकतो. आगरी हेल सपाट होतो, वऱ्हाडीतला ठसका जातो, ‘न’ आणि ‘ण’ शुद्ध होतात. त्याऐवजी शॉट संपल्यावर दहा मिनिटांत, तीच नटमंडळी तशीच घामात असताना, जवळच्या शांत खोलीत किंवा बंद गाडीत तोच संवाद तीनदा घ्या. नुसता आवाज, ओठ जुळवायची चिंता नको. तिसऱ्या वेळी बहुधा चपखल बसतो. डब्याचा आवाज वेगळा घ्या: बसलेल्या बायकांच्या डब्यातला, दारातला, पुलावरून जातानाचा, प्रत्येकी किमान दोन मिनिटं. आणि प्रत्येक खोलीचा रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा तिथला आवाज, ६० सेकंद, सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. संध्याकाळी कुकर आणि टीव्ही सुरू झालेले असतात. जुळत नाही.

गोखले_रोड

+१. डबिंगमधली सपाट भाषा ऐकली की पुढचा सिनेमा बघवत नाही.

दोन_ओळी

सबटायटलचं लिहिते. साधे नियम: दोनच ओळी, ओळीला ४२ अक्षरांच्या आत, सेकंदाला १५ ते १७ अक्षरं, सात सेकंदांपेक्षा जास्त वेळ एक सबटायटल नको. हे सगळीकडे सापडतं. अडतं ते पुढे.

‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ इंग्रजीत एकच होतात. साहेब झाडूवाल्याला ‘ए, इकडे ये’ म्हणतो आणि झाडूवाला ‘बोला साहेब’ म्हणतो, इथे अख्खी उतरंड दोन वाक्यांत आहे. इंग्रजीत उत्तराला ‘सर’ आणि हाक मात्र नाव न घेता, अर्धवट तुकड्यात ठेवली तर थोडी वाचते. दोन्हींकडे व्याकरणशुद्ध पूर्ण वाक्य घातलं की संपलं. एखाद्या सीनमध्ये माणूस ‘तुम्ही’वरून ‘तू’वर घसरतो, तिथे सबटायटलने काम होत नाही. तो बदल चेहऱ्यावर दिसेल असा शॉट एडिटमध्ये ठेवावा लागतो. म्हणून भाषांतरकाराला रफ कट (एडिटचा कच्चा खर्डा) दाखवा, फायनल नव्हे.

आडनावाचंही तसंच. परदेशी प्रेक्षकाला ‘आडनाव काय?’ म्हणजे फॉर्म भरणं वाटतं. कंसात जातीचं स्पष्टीकरण घालणं मला पटत नाही, पात्राच्या तोंडून आपण बोलायला लागतो. प्रश्न दोनदा येऊ द्या: आधी ‘नाव?’, नट फक्त पहिलं नाव सांगतो, मग ‘पूर्ण नाव सांगा’. दुसऱ्या उत्तरानंतर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर १२ ते २४ फ्रेम जास्त थांबा. कुठल्याही देशातला माणूस समजतो.

भाषा बदलल्याची खूण: चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) मध्ये मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी चारही आहेत, आणि कुठल्या खोलीत कोण कोणती भाषा बोलतो यातच वर्ग कळतो. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ (२०२४) मध्ये मुंबईतल्या मल्याळी नर्सेस आपसात मल्याळम बोलतात, बाहेर हिंदी. असा सिनेमा असेल तर एकच भाषा तिरप्या अक्षरात ठेवा, बाकी सगळ्या सरळ. दोन रंग, तीन रंग केले की प्रेक्षक रंग मोजत बसतो. मराठी सिनेमागृहासाठी हिंदी संवादांना सबटायटल देऊ नका, पण मल्याळमला मराठीत द्या. आपल्याकडे सरसकट इंग्रजीच टाकतात आणि आपलाच प्रेक्षक वगळतात.

लालबाग_परळ

@दोन_ओळी ताई, हे मुद्दे वेगळ्या धाग्याच्या योग्यतेचे आहेत. ‘कोर्ट’चा विषय निघालाच आहे म्हणून: त्यातले शाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार हे स्वतः कार्यकर्ते होते, व्यावसायिक नट नव्हते. बोली आणि देहबोली शिकवण्यापेक्षा ती असलेला माणूस शोधणं कधी कधी स्वस्त पडतं. पण मग कलाकारांना लागणारा वेळ वेळापत्रकात धरावा लागतो. दिवसाला आठ सीन लावून हे होत नाही, चार धरा.

खिडकी_क्रमांक_३

परवानग्या. रस्ता, बाग, सरकारी जागा यांसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे, अर्ज ऑनलाइन. रेल्वे त्यात धरू नका, तिचं वेगळं. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून, मध्य रेल्वे (हार्बर धरून) सीएसएमटीहून, दोन्हीकडे जनसंपर्क विभाग. सगळ्यात जास्त घोळ दादरला होतो: अर्धं स्टेशन पश्चिमचं, अर्धं मध्यचं. पात्र पुलावरून एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाताना दाखवायचं तर दोन परवानग्या, दोन तारखा जुळवणं. एकच मिळाली तर पुलाच्या मध्यावर कट पाडून दोन वेगळ्या दिवशी घ्या.

आणि दादरचे फलाट डिसेंबर २०२३ मध्ये सलग क्रमांकांचे झाले: पश्चिमचे १ ते ७, मध्यचे ८ ते १४. कथा त्याआधीच्या काळातली असेल तर पाटी फ्रेममध्ये येऊ देऊ नका.

लपवून शूट करा असा सल्ला कोणी देईल, देऊ नका. पकडले जाणं हा लहान धोका आहे. मोठा धोका असा की वितरक किंवा ओटीटी करार करताना प्रत्येक जागेचा कागद मागतो, आणि एका शॉटमुळे अख्खा सिनेमा अडतो.

वस्तीतल्या माणसांचं संमतीपत्र मराठीत किंवा त्यांच्या भाषेत, एका पानाचं, मोठ्याने वाचून दाखवून. मुलांसाठी पालकांची सही. मानधनाची पावती. आणि दिवसाचा दर ज्युनिअर आर्टिस्टच्या दराइतका तरी हवा. ‘ते आपलेच लोक आहेत, चहा-वडापाववर येतात’ हे वाक्य ओळखीवरचा सिनेमा करणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही.

कोंबडी, बकरी, डुक्कर, कुत्रा यांच्याकडून काही करवून घेणार असाल तर शूटच्या आधी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी. नंतर मिळवायला गेलात तर सेन्सॉरला अडकाल.

गल्ली_ते_गल्ली

माझी एकच विनंती: धारावीच्या निळ्या ताडपत्र्यांचा वरून घेतलेला ड्रोन शॉट टाळा. त्यात माणूस दिसत नाही, नुसती दाटी दिसते. स्पाइक ली यांचा ‘डू द राइट थिंग’ (१९८९) ब्रुकलिनच्या एका रस्त्याच्या एकाच पट्ट्यात घडतो. उकाडा जाणवावा म्हणून त्यांनी तिथली एक भिंत लाल रंगवली होती. एक गल्ली, एक दिवस, एक उन्हाळा. आपल्यालाही हेच परवडतं: परवानगी एक, सामान हलवणं नाही, प्रकाश तोच, आणि शेजारी पहिल्या दोन दिवसांनंतर कॅमेऱ्याकडे बघणं सोडतात. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत पार्श्वभूमीत लोक असलेले शॉट लावू नका, घरातले लावा.

साठ_वर्षं

गाण्यांचे हक्क. यावर सगळ्यात जास्त सिनेमे बुडतात, म्हणून जरा सविस्तर.

चार्ल्स बर्नेट यांचा ‘किलर ऑफ शीप’ हा लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या कृष्णवर्णीय कामगार कुटुंबाचा सिनेमा. विद्यापीठातला प्रबंध म्हणून केलेला, १६ एमएम कृष्णधवल, सुट्टीच्या दिवशी शूट, खर्च दहा हजार डॉलरच्या आत. १९७७ मध्ये पूर्ण झाला. गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते, म्हणून सिनेमागृहात रीतसर लागायला २००७ उजाडलं, आणि गाण्यांच्या हक्कांसाठी दीड लाख डॉलर लागले. ज्या सिनेमाचा जीव त्या संगीतात होता तो त्याच संगीतामुळे तीस वर्षं डब्यात पडून राहिला.

आता आपलं. भारतीय कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकाराचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं, दोन्ही पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायची. म्हणजे एका गाण्याला दोन कुलुपं. १९६०ची तबकडी मोकळी झाली असली तरी गीत मोकळं असेलच असं नाही. शाहीर अण्णाभाऊ साठे १८ जुलै १९६९ला गेले, म्हणून ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड ३१ डिसेंबर २०२९पर्यंत हक्कात आहे. नामदेव ढसाळ २०१४ला गेले. त्यांच्या कवितेची ओळ पात्राच्या तोंडी घालायची तर वारसांची परवानगी २०७४च्या अखेरपर्यंत लागेल. ‘लोकगीत आहे’, ‘भीमगीत आहे, सगळे गातात’ यावर विसंबू नका. बहुतेक भीमगीतांना कवी आहे, नाव आहे, घर आहे. त्या घरी जा, लेखी घ्या, पैसे द्या.

लोकलमधली रिंगटोन, मिरवणुकीतला डीजे, शेजारच्या घरातला टीव्ही हे सगळं पण गाणंच. शूटच्या वेळी बंद करून घ्या आणि नंतर स्वतः बांधलेली चाल मिक्समध्ये घाला.

विक्रोळी_स्लो

आपल्या गायकाने पुन्हा गायलं तर?

साठ_वर्षं

मग ध्वनिमुद्रणाचं कुलूप सुटतं, गीत आणि चालीचं राहतं. गायकाचंही संमतीपत्र घ्या.

खिडकी_क्रमांक_३

सेन्सॉरचंही इथेच सांगतो. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्राचे वयानुसार तीन भाग झाले: ७+, १३+, १६+. अपील न्यायाधिकरण २०२१मध्ये रद्द झालं, आता थेट उच्च न्यायालय. म्हणजे वेळ आणि वकील. जातीचं नाव असलेल्या संवादावर आक्षेप येऊ शकतो हे धरूनच चाला. २०२५ मध्ये महात्मा फुल्यांवरच्या हिंदी चित्रपटात जातींची नावं असलेल्या संवादांत बदल सुचवले गेले आणि ११ एप्रिलचं प्रदर्शन २५ एप्रिलवर गेलं. म्हणून तारीख प्रमाणपत्रानंतरच जाहीर करा, आणि मिक्स करताना संवाद, परिणामध्वनी, संगीत असे तीन वेगळे ट्रॅक जपून ठेवा. नाहीतर एक शब्द म्यूट करताना मागचा पाऊस, पंखा, रस्ता सगळं गप्प होतं.

मांडव

वस्तीत दाखवण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) रमाबाई नगरच्या ११ जुलै १९९७च्या गोळीबारापासून सुरू होतो, १४ वर्षं चित्रित झाला, लांबी तीन तासांच्या घरात. अशा सिनेमाचा प्रेक्षक मल्टिप्लेक्सच्या दुपारच्या खेळात येणार नाही.

१२ फूट रुंद पडदा, ३५०० ते ५००० ल्युमेनचा प्रोजेक्टर. थ्रो रेशो (प्रोजेक्टरचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.५ असेल तर अंतर १२ गुणिले १.५, म्हणजे १८ फूट. गल्ली तेवढी लांब आहे का ते टेप लावून मोजा. पडद्यामागे काळं कापड हवंच, नाहीतर मागच्या खिडकीतला दिवा चेहऱ्यावर उमटतो. कापडाला खालून वजन बांधा.

उघड्यावर लाउडस्पीकर रात्री १० नंतर बंद, त्यामुळे गणित ऋतूचं आहे. मे अखेरीस मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, पडदा दिसण्याइतका अंधार व्हायला पावणेआठ. तीन तासांचा सिनेमा बसत नाही. डिसेंबरात सहाला मावळतो, साडेसहाला सुरू केला तर साडेनऊला संपतो आणि बोलायला अर्धा तास मिळतो. सेन्सॉरचं प्रमाणपत्र सार्वजनिक खेळाला लागतंच.

छायाप्रकाश

@मांडव, एक भर. गल्लीत म्युनिसिपालिटीचा दिवा असतो, तो पडद्यावर पडला की काळा रंग राखाडी होतो आणि सर्वांत आधी गडद चेहरे जातात. त्यामुळे अशा खेळासाठी वेगळी फाइल काढा: मिडटोन थोडे वर, कॉन्ट्रास्ट थोडा कमी, गडद चेहऱ्याचा उजेडाकडचा गाल ४५ ते ५०पर्यंत नेलेला. सिनेमागृहाच्या डीसीपीला (थिएटरात चालवायच्या डिजिटल प्रतीला) ही फाइल देऊ नका. तिथे पडद्याची प्रमाण उजळता ४८ निट्स (उजळतेचं एकक), तुमच्या एडिटच्या मॉनिटरची १००. डीसीपी एकदा तरी खऱ्या पडद्यावर, रात्रीचे सीन लावून पाहा. सकाळी पहिल्या खेळाआधी दहा मिनिटं मागितली तर बहुतेक थिएटरवाले देतात.

मांडव

गल्लीतला दिवा पूर्ण बंद करवून घेऊ नका, म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना घरी जायची वाट दिसली पाहिजे. पडद्याकडच्या बाजूला बांबूवर काळं कापड बांधून फक्त तेवढा कोन झाका.